खिंडीतला बिबट्या

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील वरणगावच्या कारखान्यात कामाला होते. पाळी संपली की भुसावळच्या एका छापखान्यात जायचे आणि गुलाबी, पिवळ्या कागदांचे गठ्ठे सायकलला बांधून घरी आणायचे. नळाच्या पाण्याचं पत्रक, स्मशानभूमीच्या रस्त्याचं, जयंतीच्या सभेचं, वसतिगृहातल्या कच्च्या पोळ्यांचं. आई, भाऊ आणि मी फरशीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो. ‘जाहीर’, ‘निषेध’ आणि ‘जागे व्हा’ हे शब्द मला ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी वाचता येत होते.

वडील म्हणायचे, पत्रकाची पहिली ओळ वाचून माणसाने हातातला चहा खाली ठेवला पाहिजे. ते आणखीही बरंच काही सांगायचे. माझ्या लक्षात हे एवढंच राहिलं.

पुढे जे झालं त्याबद्दल मी बोलायला लागले की माणसं मला समजावतात, अगं, तुझा हेतू चांगला होता. होता. त्याचा उपयोग फक्त मला झाला.

आता आम्ही जळगावात, पिंप्राळ्याला राहतो. मी एका दुकानात मजकूर जुळवायचं काम करते. लग्नपत्रिका, दशक्रियेच्या चिठ्ठ्या, दुकानांच्या उद्‌घाटनाचे फलक. शनिवारी कायद्याच्या वर्गाला धुळ्याला जाते. रस्ता चौपदरी झाल्यापासून एसटी लवकर पोचते, आणि खिडकीतून बाहेर पाहिलं की कडेला काहीतरी पडलेलं दिसतं. सुरुवातीला मला ती पोती वाटायची. मग एका पोत्याला शेपूट दिसली.

एका शनिवारी पारोळ्याच्या अलीकडे आमच्या बसचं टायर बसलं. तिथे रस्ता एका टेकडीला मधोमध कापून जातो. दोन्ही बाजूंना घराएवढ्या उंच दरडी, मध्ये दुभाजक, दोन्ही कडांना पत्र्याचे कठडे. गावातले लोक तिला खिंड म्हणतात. प्रवासी खाली उतरले. समोर एक बाई साडीवर नारिंगी जाकीट घालून फावड्याने काहीतरी उचलत होती. देखभालीच्या ठेकेदाराची माणसं रस्ता झाडतात, दुभाजकाला चुना लावतात, मेलेली जनावरं उचलतात, त्यांतली ती एक.

“काय आहे अक्का?”

“दखत नही का? कोल्हा शे.”

तिने तो कोल्हा दरडीच्या कडेला नेला, खड्ड्यात ठेवून वर माती लोटली. परत आली, चुन्याच्या बादलीत बोट बुडवलं आणि तो जिथे पडला होता तिथल्या दुभाजकावर दाबलं. तेव्हा मला दिसलं की तिथे अशी बोटं आधीपासून होती. पावसाने पुसट झालेली, ताजी, एकावर एक. मध्येच कुठे अख्खा पंजा.

“हे कशासाठी?”

“मुकादम म्हनस, जनावर उचला, डाग धुवा. धुईसन टाकं म्हंजे काही झायंच नही. मंग मी बोट लावी देस. ल्हान जनावरले बोट, मोठाले पंजा.”

तिचा नवरा तिथून थोड्या अंतरावर, गावाच्या थांब्याजवळ, चहाची टपरी चालवायचा. त्याला सगळे नाना म्हणत. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली वाकडा होता. पहाटे दुधाचे कॅन घेऊन फटफटीवरून जाताना खिंडीत एक रोही, म्हणजे नीलगाय, कठड्यावरून उडी मारून समोर आली होती. आमच्या ड्रायव्हरने चहा घेता घेता विचारलं, “नाना, रोही तुमच्यावर आली का तुम्ही रोहीवर गेले?”

“आम्ही दोन्ही आपापला काममा व्हतूत,” नाना म्हणाले.

टेकडीवर खिंडीच्या एका काठाला त्यांचा जमिनीचा लहानसा पट्टा होता. पलीकडे नाला आणि पाणी, अलीकडे काटेरी रान आणि चराई. जनावरं पाण्यासाठी यायची, दरड उतरायची आणि दोन कठड्यांमध्ये अडकायची. नानांनी भाच्याच्या मोबाइलवर कुठला तरी पूल पाहिला होता. त्याच्यावर माती, मातीवर गवत, झुडपं. जनावरं वरून जातात, गाड्या खालून. “आठे तं दरड तयारच शे,” ते म्हणाले. “नुसतं छत टाकनं शे. मन्ही जागा ल्या म्हना लागी तितली.”

नाना हे गंमत म्हणून सांगत होते. मी ते मनावर घेतलं. पुढच्या शनिवारी वर्ग बुडवून धुळ्याला रस्त्याच्या कामाच्या कार्यालयात गेले. भांडायच्या तयारीने गेले होते, आणि समोर एक दमलेले, सरळ इंजिनिअर निघाले.

“मॅडम, भावना मला पुढे पाठवता येत नाही,” ते म्हणाले. “तारीख, ठिकाण, फोटो, हे आणा. आणि ग्रामसभेचा ठराव. लोकांनी मागितलं असं कागदावर दिसलं तर मी ते वर पाठवतो, पाहणी होते. नाहीतर खिंडीच्या दोन्ही बाजूंना जाळी लावायचं काम मंजूर आहे.”

“जाळी लावली तर जनावरं थांबतील?”

“जाळी संपते तिथे जातील.”

“कुठे संपते?”

त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. ते गावाच्या थांब्यावर होतं. नानांची टपरी तिथेच आणि पलीकडच्या शाळेत जाणारी मुलं रस्ता ओलांडतात तेही तिथेच.

म्हणजे काम स्पष्ट होतं. जाळीच्या आधी ठराव हवा. आणि ठरावासाठी नोंदी हव्यात.

नोंदी अक्कांनी केल्या. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत. जनावर सापडलं की त्याच्या शेजारी स्वतःची चप्पल ठेवायच्या, आकार कळावा म्हणून, आणि मोबाइलवर फोटो काढायच्या. जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा दुसरा फोटो. दोन्ही मला पाठवायच्या. नाना खाली लिहायचे: ‘मुंगूस’, ‘ससा, पोटुशी’, ‘रानमांजर, पिलू’. मी ते सगळं एका तक्त्यात भरायचे. ससे, मुंगसं, घोरपडी, धामण, कोल्हे, रानमांजरं. दोनदा रोही. मध्ये दोन फटफट्यांचे अपघात, माणसं वाचलेली. मोठ्या धीराने आणि अतिशय नीट केलेलं काम होतं ते, आणि मला कंटाळा यायला लागला होता. त्या यादीत चहा खाली ठेवावा असं काही नव्हतं. मुंगसासाठी कोण सभेला येतं?

पत्रक मी एका दुपारी दुकानातच जुळवलं. मथळा: ‘बिबट्यांच्या रक्ताने भिजतोय आपला महामार्ग’. खाली रस्त्यावर आडव्या पडलेल्या बिबट्याचा फोटो. तो मला मोबाइलवर सापडला होता. कुठल्या राज्यातला होता ते मी पाहिलंही नाही. मजकूर चांगला उतरला होता, ते आजही म्हणेन. ‘बिबट्याला त्याची वाट परत द्या’ असं एक वाक्य होतं त्यात. नाना एकदा बोलता बोलता म्हणाले होते की त्यांच्या आज्याच्या काळात टेकडीपलीकडे बिबट्या असायचा. मी माझ्यापुरता तेवढा पुरावा मानला.

शेवटी लिहिलं, ‘आपले नम्र, समस्त ग्रामस्थ’. त्याचा मी विचारसुद्धा केला नाही. लहानपणापासून पाहिलेलं प्रत्येक पत्रक असंच संपायचं, समस्त ग्रामस्थ, समस्त रहिवासी, समस्त महिला मंडळ. बोटं आपोआप चालली. आणि चळवळीत तोंड नेहमी गावातलं असावं म्हणतात, म्हणून संपर्कासाठी नानांचं नाव आणि मोबाइल नंबर टाकला. त्यांना विचारलं नाही. फोन करायचा होता, राहून गेला.

आठवडे बाजाराच्या दिवशी पत्रकं वाटली, वर्तमानपत्रांच्या घडीतही घातली. जळगावात लोकांनी उचलून धरलं. वर्गातल्या मैत्रिणींनी फोटो पुढे पाठवले. दोन अनोळखी माणसांनी फोन करून सांगितलं की डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जमलं.

ग्रामसभा पंचायतीच्या ओसरीवर होती. मी नवा कुर्ता घालून गेले होते. ओसरी भरलेली पाहून मला आनंद झाला, पत्रकाचा परिणाम. तो परिणामच होता. जवळजवळ प्रत्येकाच्या हातात पत्रक होतं.

एका आबांनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं. ‘समस्त ग्रामस्थ’पाशी थांबले. “बठ्ठा गाव म्हंजे मी बी उनू ना त्यामा?” त्यांनी शेजारच्याला विचारलं. “मी कव्हय सांगं बिबट्याले वाट द्या?”

“तुम्ही झोपमा सांगं व्हई आबा.”

“आमना पोरेसले थांबावर शेड नही, आनि बिबट्याले पूल.”

“त्याले तिकीट लागी का?”

“ज्येष्ठ नागरिक व्हई तं आर्धं.”

हशा झाला. मीही हसले, सगळ्यांच्या बाजूची असल्यासारखी. मग मागून एक बाई उठली. तिच्या शेळ्या खिंडीच्या वर चरायच्या. ती अजिबात हसत नव्हती. “मन्ही ल्हान पोर शेळ्यासमांगे जास,” ती म्हणाली. “पूल व्हयना म्हंजे तो सरळ आमना दारमा. कोन जबाबदार शे? नाव सांगा.”

सरपंचांनी मला विचारलं. माझ्याशी ते पुस्तकी मराठीत बोलले. “ताई, बिबट्या कोणी पाहिला?”

“हा एका प्राण्याचा प्रश्न नाही,” मी सुरू केलं. “हा निसर्गाच्या साखळीचा—”

“ते राहू द्या. कोणी पाहिला?”

 खोटं लिहिलंय असं म्हणायला एक क्षण पुरला असता, आणि तो क्षण मला मिळाला होता. मी म्हणाले, “नोंदी अक्कांच्या आहेत.”

हे वाक्य खरं होतं. नोंदी अक्कांच्याच होत्या. त्यांत बिबट्या नव्हता, तेवढंच मी बोलले नाही. सगळ्या माना वळल्या. अक्का खांबाला टेकून बसल्या होत्या. कामावरून सरळ आल्या होत्या, जाकीट अंगावरच. त्या उठल्या.

“मी बिबट्या दखा नही,” त्या म्हणाल्या. “मी सांगा बी नही.”

“मंग कागदवर नानाना नंबर कसा उना?”

नाना हसण्यावारी न्यायला गेले. “नंबर मन्हा शे. बिबट्या मन्हा नही.” कोणी हसलं नाही.

“खिंडवर जागा कोनी शे?” एक तरुण शेतकरी म्हणाला. “यासनीच ना? पूल उना म्हंजे सरकार जागा ली, पैसा दी. समजनं आते, बिबट्या कोठेन उना ते.”

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातलं पत्रक वाचत असल्यासारखं केलं. माझंच पत्रक, मी दहा वेळा तपासलेलं.

ठराव झाला. पूल नको, जाळी लवकर लावावी, आणि उंच लावावी. हात वर झाले. अक्का आणि नानांनी हात वर केले नाहीत, एवढंच. मी शेवटची एसटी चुकायला नको म्हणून निघाले, निदान तसं सांगितलं. बसमध्ये बसल्या बसल्या मोबाइलवर लिहिलं की अज्ञानाने एक चांगलं काम बुडवलं. एरंडोल येईपर्यंत लोक त्याला पसंतीचे अंगठे देत होते. मला बरं वाटत होतं. तो मजकूर मी नंतर काढून टाकला, पण बरं वाटलं होतं हे काढून टाकता येत नाही.

वडिलांनी पत्रक दुसऱ्या दिवशी सकाळी वाचलं. आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, उन्हात धरून वाचतात. पहिल्या ओळीला त्यांनी मान हलवली. वाचून झाल्यावर घडी घातली आणि विचारलं, “या गावाची बैठक कधी झाली होती?”

“कोणती बैठक?”

“समस्त ग्रामस्थ बसले असतील ना कुठेतरी. तेव्हाच सही केली असेल त्यांनी.”

 वडिलांनी घडी घातलेलं पत्रक माझ्या हातात दिलं. मला आठवलं, लहानपणी ते एका पत्रकासाठी पाच-पाच दिवस वस्तीत फिरायचे, घरोघरी वाचून दाखवायचे, आणि आम्ही वैतागायचो की घड्या घालायला कागद कधी येणार. ‘समस्त’ हा शब्द त्या फिरण्याने यायचा. मी फक्त शब्द घेतला होता.

तीन शनिवार मी बसच्या दुसऱ्या बाजूला बसले, टपरी दिसू नये म्हणून. चौथ्या शनिवारी उतरले. टपरी उघडी होती. बाकावर कोणी नव्हतं. नाना रिकामा स्टोव्ह पुसत होते.

“ये. बिबट्यावालाकडे ये,” ते म्हणाले. गावाने त्यांना दिलेलं नवं नाव. दुधाच्या डेअरीवर त्यांना रांगेत हाका मारायचे, बिबट्यावाला, पुढे सरक. मुलं टपरीसमोरून जाताना डरकाळी काढायची. चहाला लोक थांब्याच्या पलीकडे नव्या टपरीवर जात होते. “तठे चहा चांगला नही,” नाना म्हणाले. “पन तठे बिबट्या नही.”

अक्का दुभाजकाला चुना मारत होत्या. मी जवळ जाऊन उभी राहिले. माफी मागायची वाक्यं मी बसमध्ये तयार केली होती. त्यांची पहिली ओळसुद्धा चांगली होती.

“अक्का, मी नवं पत्रक काढते. खुलासा. माझ्या नावाने.”

त्यांनी कुंचला थांबवला नाही. “परत कागद?”

“मग काय करू?”

“गावमा जा. बठ्ठासना दारमा उभी राह्य. तोंडवर सांग, खोटं मी लिखं.” मग बादली पुढे सरकवत, “आनि मी तुनासंगे येनार नही.”

मी गेले. मला वाटलं होतं तास-दोन तासांचं काम आहे. सहा शनिवार लागले. कागदावर मी कोणालाही काहीही म्हणू शकते, पण दारात उभं राहून ‘तो बिबट्या मी लिहिला, अक्कांनी नाही’ हे म्हणायला पहिल्या घरी मला तीनदा सुरुवात करावी लागली. त्या घरातल्या माणसाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बरं,” आणि दार लावलं. दुसऱ्या घरी पाणी दिलं. आबांनी मला बसवून पूर्ण पत्रक परत वाचायला लावलं, त्यांना ऐकायचं होतं म्हणून. प्रत्येक ओळीनंतर विचारायचे, “हई खरं का खोटं?” अर्धं खरं होतं. ते सांगताना जास्त लाज वाटली.

शेळ्यांवाल्या बाईकडे मी सर्वांत शेवटी गेले. ती शेण थापत होती.

“बिबट्या नही ना?”

“नाही.”

“मंग कोन मरस तठे?”

मी यादी सांगितली. ससे, मुंगसं, कोल्हे, रानमांजरं. तिने हात धुतले. “रानमांजर मी दखेल शे. पिल्ले तोंडमा धरीसन उभी राहस दरडवर, खाल दखत राहस. जाऊ का नको.” मग म्हणाली, “हई पहिले सांगती तं.”

जाळी कुठे संपते ते मी तिला सांगितलं. ही गोष्ट पत्रकात नव्हती. बिबट्यापुढे ती मला किरकोळ वाटली होती. तिने दोनदा विचारून घेतलं, थांब्यापाशी का, शाळेच्या रस्त्यावर का. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावाला कळलं, आणि त्यासाठी मला काही करावं लागलं नाही.

त्यानंतर लोकांनी बरंच काही सांगितलं, जे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. कोंबड्यांच्या शेडवाला मेलेल्या कोंबड्या खिंडीत टाकतो आणि वासाने कोल्हे येतात. त्याला गावाने सांगितलं आणि त्याने खड्डा खणला. खिंडीवरच्या दुसऱ्या काठाला ज्याने बांधावर काटेरी तार लावली होती, तोच तो ग्रामसभेतला तरुण शेतकरी, त्याने विचारलं, पूल झाला तर तार काढावी लागेल का. मी म्हणाले, हो, नाहीतर पूल उतरून जनावर जाईल कुठे. त्याने हो म्हटलं नाही. पुढच्या शनिवारी तार गुंडाळलेली दिसली. कॉलेजला जाणाऱ्या पोरांनी आपापल्या मोबाइलवर फोटो काढायला सुरुवात केली, दगडासकट. नाना त्यांना ओरडायचे, “चप्पल ठेव ना रे शेजारे. उंदीर शे का डुक्कर, काय कळी साहेबले?”

पुढच्या ग्रामसभेत विषय परत घेतला. मी कोपऱ्यात बसले होते. ग्रामसेवकांनी ठराव लिहायला घेतला तेव्हा कोणी तरी म्हणालं, भाषा ताईंकडून तपासून घ्या. “ताईले पेन देऊ नका,” आबा म्हणाले, “वाघ लिखी टाकी.” ओसरी हसली. अक्कासुद्धा हसल्या. मला त्या हसण्यात माझी जागा दिसली आणि ती बरोबर होती.

एकेक जनावर वाद घालून ठरावात गेलं. घोरपड लिहा. ससा कशाला, सशाला कोण विचारतं? लिहा, तो जास्त मरतो. फटफट्यांचे अपघात लिहा, नानांचा पाय लिहा. शाळेच्या मुलांचं पहिलं लिहा. हात वर झाले, थोडे कमी, पण पुरेसे. सह्या एकेकाने येऊन केल्या. काहींनी केल्या नाहीत. त्यांच्या वतीने कोणी केली नाही.

कागद घेऊन धुळ्याला सरपंच, अक्का आणि शेळ्यांवाली बाई गेले. मला ते आठवड्याने नानांकडून कळलं. “मला का नाही सांगितलं?” असं मी विचारलं. नाना गोंधळले. “तुले कसाले?” ते म्हणाले. त्यांनी ते टोचून म्हटलं नव्हतं.

पाहणी पावसाळा संपल्यावर झाली. दमलेले इंजिनिअर आणि त्यांच्यासोबत वन खात्याचे एक साहेब आले. जाळीचे खांब तोवर खिंडीच्या तोंडाशी येऊन पडले होते. त्या दिवशी मला मात्र निरोप आला; दोन्ही दरडींवरून फिता धरायला माणसं हवी होती आणि कापूस वेचणीमुळे गावात हात कमी होते.

साहेबांनी नोंदी चाळल्या. चपलांचे फोटो बघून त्यांनी अक्कांना विचारलं की ही कल्पना कोणाची. अक्का म्हणाल्या, कोणाची नाही, चप्पल पायातच असते. मग साहेबांनी फाइल मिटली आणि म्हणाले, “काम चांगलं आहे. पण कोल्ह्या-सशांच्या नोंदींवर मातीचा पूल वर कोणी लवकर मंजूर करत नाही. बिबट्याची एखादी नोंद असती, कोणी लांबून पाहिल्याची का होईना, तर कागद वेगळ्या टेबलावर गेला असता. मी कुठेतरी वाचलं होतं, इथे बिबट्या आहे म्हणून.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“ते मी खोटं लिहिलं होतं,” मी म्हणाले.

“अच्छा.” त्यांनी पेन काढलेलं होतं, ते तसंच धरलं. “मग कोणीच पाहिला नाही?”

मी सरपंचांकडे पाहिलं. त्यांनी खांबांच्या ढिगाकडे पाहिलं, मग थांब्याकडे. शाळा नुकतीच सुटली होती. “अक्का,” ते हळूच म्हणाले, “तुम्ही पहाटे येतस. दखा व्हई ना कव्हय. धुक्यामा. आठवा बरं.”

शेळ्यांवाली बाईही अक्कांच्या तोंडाकडे बघत राहिली. ज्या माणसांनी बिबट्या नको म्हणून पूल नाकारला होता, ती आता एका बिबट्यासाठी थांबली होती. मला हसू आलं नाही. हा मोह मी त्यांना शिकवला होता, आणि मला एक गोष्ट त्यांच्यापेक्षा नीट कळत होती: एका शब्दाने काम झालं असतं, आणि अक्कांनी तो उच्चारला असता तर मी गप्प राहिले असते.

“नही साहेब,” अक्का म्हणाल्या. “बिबट्या नही शे. कोल्हा शे, रानमांजर शे, ससा शे, रोही शे. जे शे ते लिखा.”

साहेबांनी फाइल परत उघडली. मग लिहिलं. इंजिनिअर म्हणाले की पाहणीचा निर्णय येईपर्यंत खिंडीतल्या जाळीचं काम थांबवतो, पण किती दिवस थांबवता येईल ते सांगू शकत नाही. त्यापुढे काय होईल ते त्यांनाही माहीत नव्हतं, आणि हे लिहिते तेव्हाही उत्तर आलेलं नाही.

मग मोजणी सुरू झाली. फित्याचं एक टोक घेऊन शेतकरी पलीकडच्या दरडीवर गेला. दुसरं टोक माझ्याकडे होतं. खालून ट्रक जात होते आणि वाऱ्याने फिता पोट काढत होता.

“घट्ट धर पोरी,” अक्का म्हणाल्या. “ढिला व्हई राह्यना.”

मी ओढून धरला. पलीकडून साहेबांनी आकडा विचारला. मी वाचून मोठ्याने सांगितला, आणि अक्कांनी माझ्या हातावर वाकून तो बरोबर आहे का ते पाहिलं.